लॅव्हेंडरला तुळशीचे पाणी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी लातूरची. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले आणि गच्चीवर बाग करायला घेतली. पुण्याला राहणाऱ्या लेकीने माझ्यासाठी लॅव्हेंडरचे रोप आणले, ते दीड महिन्यात गेले. दुसरे मी इथल्याच एका रोपवाटिकेतून घेतले. त्याने मे महिना काढला आणि जुलैत मान टाकली. आता तिसऱ्याची खालची पाने काळी पडत चालली आहेत, वरचे चार-पाच शेंडे तेवढे हिरवे आहेत. मी हयगय केलेली नाही. रोज सकाळी तुळशीला पाणी घालते तेव्हा त्यालाही तांब्याभर घालते. घरातल्या आरओ मशीनचे वाया जाणारे पाणीही साठवून देते. पंधरा दिवसांनी चहाचा चोथा आणि मूठभर शेणखत घालते. फरशी खराब होऊ नये म्हणून कुंडीखाली ताटली ठेवली आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, हे थंड हवेचे झाड, आपल्या उन्हात टिकायचे नाही. ते खरे का? त्याने डास पळतात का? आणि औशाजवळ शेती करणारे माझे धाकटे दीर काश्मीरची बातमी वाचल्यापासून अर्धा एकर लॅव्हेंडर लावायचे म्हणत आहेत, त्यांना काय सांगू?

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या तिसऱ्या रोपाच्या हाती फार दिवस नाहीत, म्हणून कारणे नंतर शोधू आणि आधी त्याच्याकडे वळू. कुंडीखालची ताटली काढून टाका, कुंडी आडवी करून बुडावर थाप मारा आणि रोप मातीच्या गोळ्यासकट हातात घ्या. एखादे मूळ चिमटीत धरून हलकेच ओढून पाहा. निरोगी मूळ पांढरट आणि ताठ असते, ते सहजासहजी तुटत नाही. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल मोजा निघावा तशी बोटांत निघून येते आणि आतला दोऱ्याएवढा बारीक धागा तेवढा मागे राहतो. मातीलाही साचलेल्या पाण्याचा आंबूस वास येतो. पाने खालून वर काळी पडत आहेत, या आपल्या वर्णनावरून आपल्याला हा दुसराच प्रकार दिसेल असा माझा अंदाज आहे. तसे असल्यास ते रोप वाचवण्याच्या नादी लागू नका. जे शेंडे अजून हिरवे आहेत ते तीन-चार इंच लांबीचे कापून घ्या, खालच्या अर्ध्या भागातली पाने काढून टाका आणि धुतलेली जाड वाळू व बारीक मुरूम निम्मे-निम्मे भरलेल्या लहान कुंडीत खोचून ठेवा. जागा अशी निवडा की जिथे पाऊस लागणार नाही, पण वारा आणि उजेड लागेल. श्रावणातल्या दमट हवेत चारांतला एक शेंडा जगला तरी पुष्कळ झाले, परंतु मेलेल्या रोपाबरोबर तेही फेकून देण्यापेक्षा हे बरे. जुनी माती मात्र दुसऱ्या कोणत्याही कुंडीत मिसळू नका.

आता कारणाकडे येऊ. आपल्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले: ‘त्याने मे महिना काढला आणि जुलैत मान टाकली.’ ज्या रोपाने लातूरचा मे महिना गच्चीवर काढला, ते उन्हाने मरणारे नव्हते. वहिनींचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याकडे मी पुढे येणार आहे; पण आपली तिन्ही रोपे गेली ती पाण्याने, आणि तेही अतिशय मायेने घातलेल्या पाण्याने.

लॅव्हेंडर मूळचे भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या डोंगरउतारांवरचे. तिकडचे ऋतुचक्र आपल्या अगदी उलटे चालते. तिथे पाऊस पडतो तो थंडीत, आणि उन्हाळा जातो पूर्ण कोरडा. म्हणजे झाडाच्या मुळांना जेव्हा भरपूर ओल मिळते तेव्हा माती गार असते, आणि माती तापते तेव्हा तिच्यात ओल नसते. गरम आणि ओली अशी माती या झाडाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलीच नाही. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत नेमकी तशीच माती असते, आणि आपण रोज सकाळी तांब्याभर पाणी घालून उरलेले आठ महिनेही तशीच ठेवता. तुळस याच देशातली. पावसाळ्यात ती फोफावते, कारण तो तिचा हंगाम. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. फांदी बोटांत फिरवून पाहा, तुळशीची काय, लॅव्हेंडरची काय आणि मरव्याची काय, कोवळी काडी गोल लागत नाही, चौकोनी लागते. पण कूळ एक असले तरी दोघींचे माहेर वेगळे आहे, आणि पाणी कुळाकडे पाहून नव्हे, माहेराकडे पाहून घालायचे असते.

मरव्याचा उल्लेख सहज केला नाही. गजऱ्यात गुंफला जाणारा आपला मरवा मुळात भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशातून आलेला आहे. आपल्या आजीच्या पिढीतल्या ज्या बायकांनी अंगणात मरवा राखला असेल त्यांना हे नाव-गाव ठाऊक नसेल, पण पावसाळ्यात तो वळचणीखाली सरकवायचा, त्याच्या बुडाशी पाणी तुंबू द्यायचे नाही, हे त्या न सांगता करीत असत. लॅव्हेंडरला त्याहून फारसे निराळे काही लागत नाही.

मुळे कुजतात म्हणजे नेमके काय होते, हे मोसंबीच्या भाषेत सांगतो, कारण मराठवाड्यात ते सर्वांना कळेल. जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागातले बागायतदार मोसंबीच्या खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करतात. खोडाभोवती एक कोरडे आळे आणि त्याच्या बाहेर पाण्याचे दुसरे. असे न केल्यास बुंध्यावर डिंक्या रोग येतो. तो घडवणारी फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी सूक्ष्म जीवांची प्रजाती लॅव्हेंडरचीही मुळे कुजवते. तिचे बीजाणू मातीतल्या मोकळ्या पाण्यात पोहत एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात. माती नुसती दमट असेल आणि कणांमध्ये हवा खेळत असेल, तर त्यांना पोहायला जागा राहत नाही. म्हणून औषध शोधण्याआधी पाणी आवरावे. एक फसवणूकही लक्षात ठेवावी: मुळे कुजलेले झाड पाणी शोषू शकत नाही, त्यामुळे ओल्या मातीतही ते तहानल्यासारखे मलूल दिसते, आणि आपण आणखी एक तांब्या घालतो. परभणीला माझ्या अंगणातले पहिले रोप मी असेच, सकाळ-संध्याकाळ पाणी देऊन, चार दिवसांत संपवले होते. तेव्हा मला आपल्याला नावे ठेवण्याचा काहीही अधिकार नाही.

आपल्या भागातली माती या झाडाला मानवत नाही, असे सरसकट म्हटले जाते, तेही तपासून पाहण्यासारखे आहे. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहे, तिचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. लॅव्हेंडरला ते वर्ज्य नाही. फ्रान्समधल्या ज्या प्रॉव्हन्स प्रांताची जांभळी शेते आपण चित्रांत पाहतो, तिथली जमीनही चुनखडीचीच आहे. अडचण आहे ती काळ्या मातीच्या चिकणपणाची. ओली झाली की ती फुगते, कणांमधली हवा बाहेर काढते आणि वाफसा यायला, म्हणजे पुरेशी सुकायला, आठवडा लावते. वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. पण ज्या काळ्या दगडातून ही माती झाली, त्याच दगडाचा अर्धवट झिजलेला मुरूम मात्र या झाडासाठी देवाने पाठवल्यासारखा आहे. पाणी त्यातून क्षणात खाली जाते, तो दाबला जात नाही, त्यात थोडेफार खनिज पोषणही असते, आणि लातूरच्या बाहेर कोणत्याही रस्त्याच्या कामावर तो नजरेस पडतो. परगावाहून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा मागवणाऱ्या आपल्या बागप्रेमींना दारातला मुरूम दिसत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

कुंडीचे मिश्रण असे करावे. मुरूम चाळून घ्यावा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे खडे ठेवावेत, पीठ टाकून द्यावे, कारण तेच पुढे भोके बुजवते. अशा मुरमाच्या दोन टोपल्या, विटांचा जाडसर चुरा एक टोपली, बागेतली साधी माती एक टोपली आणि पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे शेणखत अर्धी टोपली. विटांच्या जागी जाड वाळू चालेल, परंतु हल्ली मिळणारी दगडाची क्रश सँड घेतलीत तर ती पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. हे मिश्रण भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतल्यावर ते वर न साचता खाली उतरले पाहिजे आणि अर्ध्या-एक मिनिटात बुडातून गळू लागले पाहिजे. तसे न झाल्यास मुरूम वाढवावा.

कुंडी मातीची, दहा-बारा इंचांची घ्यावी. तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. प्लास्टिकच्या कुंडीतून जात नाही. बुडाला खापऱ्यांचा आणि खड्यांचा जाड थर द्यावा म्हणजे पाणी चांगले निचरते, असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत, पण ते बरोबर नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, टपकणे थांबू द्या, आणि मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. मातीचेही तसेच आहे. तिच्या तळाशी काही बोटे उंचीचा भाग भिजलेलाच राहतो, आणि खाली खड्यांचा थर दिला की हा भिजलेला भाग तेवढाच वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ सरकतो. भोकावर एक खापरी पुरे. ताटलीऐवजी कुंडी तीन विटांवर टेकवा, म्हणजे फरशीही वाळेल आणि भोकही मोकळे राहील.

रोप कुंडीत बसवताना एक गोष्ट जवळून पाहा, कारण माझ्या मते निम्मी रोपे इथे जातात. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती पुष्कळदा पातळ कापडाची किंवा जाळीची पिशवी असते आणि तिच्या आत निव्वळ कोकोपीटचा गोळा असतो. वरून माती घातली की ती दिसत नाही. बाहेरचे मिश्रण दोन दिवसांत कोरडे होते, पण आतला तो गोळा आठवडाभर ओल्या चिंधीसारखा राहतो आणि सगळी मुळे त्यातच कोंडलेली असतात. पिशवी कापून काढावी, कोकोपीट बोटांनी हलकेच झाडून जमेल तेवढे मोकळे करावे, थोडी मुळे तुटली तरी घाबरू नये. खोडाचा मातीलगतचा भाग कुंडीतल्या पातळीच्या किंचित वर राहील असे रोप बसवावे आणि वरून दोन बोटे बारीक खडी पसरावी. पालापाचोळ्याचे आच्छादन इथे नको.

पाणी किती दिवसांनी, याचे उत्तर मी दिवसांत देणे टाळतो, परंतु आपल्याला सुरुवातीला काहीतरी आधार हवा म्हणून सांगतो: रुजलेल्या झाडाला हिवाळ्यात साधारण आठवड्याने, मार्चपासून मृगापर्यंत दोन-तीन दिवसांनी, आणि पावसाळ्यात माती खरोखर वाळली तरच. खरी खूण काडीची. विझलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत तीन इंच खोल खोचून पाच मिनिटांनी काढा. काडी गार लागली किंवा तिला माती चिकटून आली, तर त्या दिवशी पाणी नाही. काडी कोरडी निघाली की मात्र घोटभर घालून थांबू नका, बुडातून गळेपर्यंत भरपूर द्या आणि पुन्हा काडी कोरडी होईपर्यंत विसरून जा. मोसंबीचा बागायतदार बहर धरण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतो ना, तसा छोटा ताण या झाडाला दोन पाण्यांच्या मध्ये दर वेळी हवा असतो. नव्याने लावलेल्या रोपाला पहिला महिनाभर जरा लवकर पाणी लागते, एवढाच अपवाद.

आरओच्या पाण्याविषयी थोडे परखड लिहावे लागेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या शहराने प्यायले, तिथल्या गृहिणीला ‘हे पाणी टाकून द्या’ असे सांगताना मलाच संकोच वाटतो. पण मशीन पिण्याच्या पाण्यातून काढून टाकते ते सगळे क्षार याच पाण्यात उतरतात. मूळ पाणी बोअरचे, म्हणजे आधीच जड असेल, तर ते त्याहून जड होते. आपल्या कुंडीच्या कडेला आणि बाहेरच्या अंगावर पांढरी पूड दिसत असेल, तर ती त्याचीच. हे पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरावे. लॅव्हेंडरला साधे बोअरचे पाणी चालते. फक्त उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने एकदा नेहमीच्या दुप्पट पाणी ओतून साठलेले क्षार बुडातून वाहू द्यावेत. घरात पावसाचे पाणी धरून ठेवलेले असेल, तर या धुण्यासाठी ते सर्वांत चांगले.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. चहाचा चोथा बंदच करा, तो वरच्या थरात ओल धरून ठेवतो आणि त्यावर बुरशी येते. शेणखत वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास मूठभर पुरे. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार आणि लुसलुशीत दिसते, फांद्या लोळतात, आणि ज्यासाठी आपण ते लावले तो वासच उणावतो.

आता वहिनींच्या अर्ध्या खऱ्याकडे येऊ. लॅव्हेंडर हे एका झाडाचे नाव नसून पुष्कळ जातींचे आहे. बाजारात जे ‘इंग्लिश लॅव्हेंडर’ म्हणून ओळखले जाते (ते इंग्लंडचे नाही, फ्रान्स, स्पेन, इटलीकडच्या डोंगरांतले आहे) त्याला भरपूर फुलण्यासाठी कडक थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा काही रात्री दहाच्या खाली जातो खरा, पण ती थंडी थोड्या दिवसांची. ते झाड जगले तरी फुलांसाठी वाट पाहायला लावील. त्याची पाने अरुंद, राखाडी आणि सरळ कडांची असतात. आपण ज्याची पाने हिरवट असून कडा करवतीच्या दातांसारख्या कातरलेल्या आहेत, ते घ्या. शास्त्रीय नाव लॅव्हंड्युला डेंटाटा. ते थंडीवाचून फुलते, उष्णताही अधिक सोसते. त्याचा वास मूळ लॅव्हेंडरइतका गोड नाही, त्यात कापराची छटा आहे; पण दर वर्षी फुलणारे कापरी वासाचे झाड मला न फुलणाऱ्या गोड वासाच्या झाडापेक्षा परवडते. कणसाच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या जांभळ्या पाकळ्या असलेली एक देखणी जात मिळते. तिला चुनखडी सोसत नाही, म्हणून लातूरच्या पाण्यावर ती आणू नये. आणि कोणतेही रोप घेताना पान चुरगळून वास घ्यावा, कारण जांभळे तुरे येणाऱ्या भलत्याच झाडांवरही ‘लॅव्हेंडर’ची पाटी लागलेली मी पाहिली आहे. बियांची पाकिटे घेऊ नयेत. त्या उगवायला फार वेळ लावतात आणि उगवल्या तरी एकसारखी झाडे देत नाहीत.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. आपल्या दख्खनच्या पठारावरही लॅव्हेंडरच्या प्रजातीतली एक रानटी वनस्पती आहे, लॅव्हंड्युला बायपिन्नाटा. पाऊस ओसरल्यावर कोरड्या टेकड्यांच्या उतारांवर, पिसासारख्या चिरलेल्या पानांवर तिचे फिकट निळसर-पांढरे तुरे दिसतात. ती हंगामी आहे, बागेत लावण्याजोगी नाही, पण तिने निवडलेली जागा आणि वेळ पाहण्यासारखी आहे: उतार, मुरूम आणि पावसाळा संपता संपता.

आपणही तीच वेळ धरावी. आता रोप घेऊ नका. दसरा होऊ द्या, हस्ताचा पाऊस निघून जाऊ द्या, आणि मग लावा, म्हणजे मुळांना उन्हाळ्यापूर्वी चार-पाच महिने सापडतील. हिवाळाभर त्याला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन हवे. मार्चच्या मध्यापासून दुपारी बारा ते चार सावली लागेल, हिरवी जाळी एकपदरी बांधली तरी चालेल. भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा कोरडा असतो, पण आपल्या बेचाळीस अंशांच्या दुपारी स्लॅबवर ठेवलेली कुंडी भट्टीसारखी तापते आणि पानांआधी मुळे भाजतात. कुंडी त्याहून मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवली तर हा ताप बराच कमी होतो. मृग लागण्याआधी, मे अखेरीस, झुडपाच्या आतल्या वाळक्या काड्या काढून त्याच्या पोटात वारा शिरेल असे करावे आणि ते पत्र्याखाली किंवा पारदर्शक छपराखाली, तिन्ही बाजू उघड्या असतील अशा जागी हलवावे. पानांवरची ती मऊ लव मुळात ऊन परतवण्यासाठी आणि आतली ओल राखण्यासाठी असते. पावसाळ्यात मात्र तीच पाणी धरून ठेवते आणि पाने कुजतात. घरात नेऊ नका, तिथे अंधार आणि कोंडलेली हवा असते.

छाटणी फुले ओसरल्यावर, फाल्गुनात करावी. हिरव्या भागाचा वरचा एक तृतीयांश काढावा, पण तपकिरी, पाने नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालू नये. जास्वंदीसारखा तिथून पुन्हा फुटवा येत नाही. कलमे करायची खरी वेळ नोव्हेंबर. फूल न आलेला, खाली किंचित कडक झालेला शेंडा घेऊन वर सांगितल्याप्रमाणेच लावावा, मात्र प्लास्टिकची पिशवी झाकू नये. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. दर वर्षी तीन-चार कलमे करून ठेवावीत, कारण आपल्या हवेत हे झुडूप चांगले राखले तरी काही वर्षांत बुडाशी लाकडाळ आणि उघडे होते, आणि तेव्हा हाताशी तरुण रोप असावे.

डासांचे उत्तर थोडक्यात देतो. कुंडीत उभ्या असलेल्या झाडाने डास जात नाहीत. सुगंधी तेल पानाफुलांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत कोंडलेले असते आणि चुरगळल्यावरच बाहेर पडते. उमलायला लागलेले तुरे सकाळी दव वाळल्यावर तोडून, जुडी करून सावलीत उलटे टांगा आणि पैठणीच्या घडीत ठेवा, तो उपयोग खरा.

दीर ज्या बातमीविषयी बोलतात ती जम्मू-काश्मीरमधल्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहची असावी. तिथे जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेने सुगंधी पिकांसाठीच्या सरकारी अरोमा मिशनखाली रोपे आणि तेल काढण्याची यंत्रे दिली आणि शेतकऱ्यांनी मक्याकडून लॅव्हेंडरकडे वळून चांगले पैसे मिळवले, हे खरे आहे. पण भदरवाह समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंचीवर आहे आणि तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो; तेलासाठी जी जात लावतात तिला हीच थंडी लागते. औशाच्या काळ्या रानात जुलैचा एक मोठा पाऊस अर्धा एकर आडवा करील, आणि कुंडी जशी पत्र्याखाली सरकवता येते तसे रान सरकवता येत नाही. त्यांना सुगंधी पिकाचीच हौस असेल तर रोशा गवत किंवा गवती चहा आपल्या हवेत येतो, परंतु त्यासाठीही तेल काढण्याची भट्टी जवळपास आहे का आणि तेल कोण घेणार, हे आधी ठरवावे लागते. माती तपासून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारल्याशिवाय त्यांनी एक रुपयाही घालू नये. हौसेखातर दहा रोपे बांधावर, मुरमाचा दीड फूट उंच गादीवाफा करून लावायची असतील, तर मी अडवणार नाही.

शेवटी, आपली परवानगी असेल तर एक भर सुचवतो. दसऱ्यानंतर लॅव्हेंडरबरोबर एक रोझमेरीही आणा. तीही त्याच प्रदेशातली, त्याच कुळातली; २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे जुने नाव बदलून तिला साल्व्हिया प्रजातीत घातले. माती, पाणी, छाटणी, सगळे याच पद्धतीने, फक्त स्वभावाने ती अधिक काटक आहे आणि आपल्या चुका महिनाभर पोटात घालते. फुले आपल्याकडे क्वचितच येतात, पण बटाट्याच्या काचऱ्या परतताना तिची चार पाने घालून पाहा. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवा, तुळशीपासून मात्र गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सकाळी हातातला तांब्या सवयीने तिकडे वळणार नाही.